घर उतरवताना

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात क्लिंच नदीवर नॉरिस धरणाचं काम १९३३च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि १९३६च्या मार्चमध्ये संपलंसुद्धा. अडीच वर्षांत २६५ फूट उंचीची भिंत उभी राहिली. महामंदीचे दिवस होते, हाताला काम नव्हतं, डोंगराळ मुलखात वीज पोहोचली नव्हती. 'टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी' म्हणजे टीव्हीए या सरकारी महामंडळाचं हे पहिलं धरण. आपल्याकडे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं, ते याच टीव्हीएचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून.

या धरणासाठी २८००हून अधिक कुटुंबांना उठावं लागलं. लॉइस्टन नावाचं गाव पाण्याखाली गेलं. ५०००हून अधिक थडगी उकरून वरच्या अंगाला नेऊन पुन्हा पुरण्यात आली. पूर्वजांच्या अस्थी पाण्यात राहू द्यायला लोक तयार नव्हते, आणि सरकारनं तो मान राखला. घरांचं मात्र तसं झालं नाही. जलाशय भरण्याआधी खोरं साफ करावं लागतं. झाडं तोडायची, कुंपणं काढायची, घरं उतरवायची, नाहीतर जाळायची. मुळशीपासून कोयनेपर्यंतचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या ओळींपुढचं चित्र रंगवून सांगायची गरज नाही.

त्या खोऱ्यातून एक जुनी इमारत मात्र जाणीवपूर्वक वाचवली गेली. राइस घराण्याची पाणचक्की. १७९८ साली जेम्स राइस यांनी बांधलेली ही दळणाची चक्की घराण्यातल्या चार पिढ्यांनी चालवली होती. १९३५ साली सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी ती सुटी केली आणि धरणाच्या खालच्या अंगाला, आज जिथे राज्य उद्यान आहे तिथे, पुन्हा उभी केली. आजही ती तिथे आहे.

याच राइसांच्या गोतावळ्यातला एक मुलगा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. जॉन राइस आयर्विन त्याचं नाव. नॉरिसच्या खोऱ्यातून उठून आयर्विन कुटुंबानं थोड्या अंतरावर नव्यानं शेती मांडली. १९४२ साली तिथेही सरकारी माणसं आली. यावेळी कारण सांगायचीही सोय नव्हती, कारण काम गुप्त होतं. साठ हजारांच्या आसपास एकर जमीन आणि तीनेक हजार माणसं. काहींच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या जागेवर ओक रिज हे शहर वसवलं गेलं आणि हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम तिथे तयार झालं. वयाची बारा वर्षं पुरी होईपर्यंत या मुलानं घर दोनदा सोडलं होतं.

आयर्विन पुढे शिकले, शिक्षक झाले, काउंटीच्या शाळांचे अधीक्षक झाले. आपल्या माणसांच्या जुन्या वस्तू जपून ठेव आणि कधीतरी एक छोटंसं संग्रहालय कर, असं आजोबांनी त्यांना लहानपणी सांगून ठेवलं होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका जुन्या शेतघराच्या लिलावाला ते गेले. तिथे शहरातून आलेले लोक वस्तू घेता घेता आपापसात बेत करत होते. ताक घुसळायच्या देवदारी डेऱ्याचा दिवा करायचा, घोडागाडीच्या बैठकीचं कॉफीचं टेबल करायचं. वस्तू वाचणार होती, पण ती कोणाची होती, कोणत्या हातांनी वापरली, हे त्या दिवशीच पुसलं जाणार होतं. आयर्विन यांनी त्या लिलावात वस्तू घ्यायला सुरुवात केली आणि नंतर आयुष्यभर ते थांबले नाहीत. शनिवार-रविवार डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचं, ओसरीवर बसून म्हाताऱ्यांशी बोलायचं, वस्तू घ्यायची आणि तिच्याबरोबर तिची हकिगतही लिहून घ्यायची.

मग वस्तूंना घर हवं झालं. १९६९ साली नॉरिसजवळ त्यांनी ओंडक्यांची एक जुनी इमारत आणून उभी केली. 'म्युझियम ऑफ ॲपलेशिया' ते हेच. आज तिथे साठेक एकरांवर तीसहून अधिक जुन्या लाकडी वास्तू आहेत. राहती घरं, गोठे, धान्याची कोठारं, शाळा, चर्च, लोहारशाळा. बहुतेक सगळ्या मूळ जागेवरून सुट्या करून आणलेल्या. आयर्विन यांनी घरं अशा रीतीनं मांडली की आत पाऊल टाकल्यावर वाटावं, घरातली माणसं आत्ताच पाणी आणायला झऱ्यावर गेली आहेत. वस्तूंशेजारच्या पाट्या त्यांनी स्वतः हातानं लिहिल्या. त्यांत 'खुर्ची, एकोणिसावं शतक' एवढ्यावर भागवलेलं नसतं. ती कोणी केली, कोणाच्या घरात होती, तिच्यावर बसून कोण काय करत असे, हे असतं. ॲलेक्स स्ट्युअर्ट या बादल्या-पिंपं बनवणाऱ्या डोंगरी कारागिरावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं. १९८९ साली त्यांना प्रतिष्ठेची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. २०२२च्या जानेवारीत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

*

अशी घरं हलवता येतात, याचं कारण त्यांच्या बांधणीतच आहे. त्यासाठी एका घराच्या कोपऱ्याशी जरा थांबायला हवं.

आधी झाड निवडायचं. सरळ वाढलेलं पॉप्लर, ओक किंवा चेस्टनट. ते पाडून त्याच्या दोन बाजू रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं सपाट तासायच्या. त्या पात्याची एकच बाजू धारेची असते आणि दांडा किंचित बाहेर वळवलेला असतो, म्हणजे तासताना बोटं ओंडक्यावर घासत नाहीत. आजही भिंतीवर तिरका उजेड पडला की हे घाव दिसतात. घाव कोणत्या दिशेला झुकलेत यावरून तासणारा उजवा होता की डावखुरा, याचाही अंदाज बांधता येतो. मग ओंडक्यांची टोकं. टेनेसीच्या डोंगरात बहुतेक ठिकाणी अर्ध्या कबुतरशेपटीची खाच दिसते. ओंडक्याचं टोक वरच्या बाजूनं तिरकं उतरवलेलं, खालून सपाट. त्यावर दुसऱ्या भिंतीचा ओंडका येऊन बसतो. उतार बाहेरच्या अंगाला ठेवलेला असल्यामुळे पावसाचं पाणी खाचेत न साठता बाहेर निथळतं, आणि वरचं वजन जितकं वाढेल तितका सांधा घट्ट आवळला जातो. चारही कोपऱ्यांत एक खिळा नाही, एक खुंटी नाही. ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या ढलप्या आणि दगडाच्या कपच्या ठोकून, वरून चिखल लिंपून बुजवायच्या. छपराला ओकचे ठोकळे उभे फाळून काढलेल्या पातळ फळ्या, कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या.

खिळा नसलेलं घर उतरवताना मोडावं लागत नाही. वरून खाली, एकेक ओंडका उचलला की भिंत सुटत जाते. म्हणूनच त्या मुलखात घरं हलवणं ही काही संग्रहालयवाल्यांची कल्पना नव्हे. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना ओंडके बैलांना जुंपून नेणारे शेतकरी आधीपासून होते.

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण दारात, ओकोनालफ्टीच्या शेतघर-संग्रहालयात डेव्हिस यांचं घर आहे. १९००च्या सुमारास बांधलेलं. जॉन डेव्हिस यांनी चेस्टनटचे ओंडके उभे मधोमध फाडले आणि एक अर्धं एका भिंतीत, तर दुसरं अर्धं समोरच्या भिंतीत त्याच उंचीवर बसवलं. म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींच्या जुळ्या. धुराड्यासाठी लागणारे दगड त्यांच्या दोन मुलांनी बैल आणि घसरगाडी घेऊन गोळा केले. थोरला आठ वर्षांचा, धाकटा चार. १९५०च्या दशकात हे घर उद्यानखात्यानं मूळ जागेवरून इथे आणलं. ओंडके उतरवताना कोणता कुठला याची खूण राहिली नसती, तर घर उभं राहिलं असतं, पण डेव्हिस यांनी मनात धरलेली ती जुळणी कायमची गेली असती. कोणाला कळलंही नसतं.

म्हणून या कामातला सगळा जीव पहिल्या काही दिवसांत असतो, लाकडाला हात लावण्यापूर्वीच्या. चारही बाजूंनी छायाचित्रं. मोजमापं घेऊन काढलेले नकाशे. मग प्रत्येक ओंडक्यावर पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती: उत्तर भिंत, खालून तिसरा, पूर्व भिंत, खालून सातवा. चकती अशा बाजूला ठोकायची की घर उभं राहिल्यावर दिसणार नाही आणि वाहतुकीत घासून निघणार नाही. धुराड्याचे दगडही शक्य तितके आकडे घालून उतरवायचे. खोदताना पायाशी सापडलेली बटणं, फुटकी भांडी, जनावरांची हाडं वेगळी बांधून ठेवायची. जमिनीलगतचा पायाचा ओंडका बहुधा कुजलेला निघतो, कारण ओल तिथेच धरते. तो बदलावा लागतो, आणि बदलला हे लिहून ठेवावं लागतं. लाकडात भुंगेरे असतील तर बोरॅक्सच्या जातीचा क्षार मुरवायचा. फाळलेल्या फळ्यांचं छप्पर तर दर वीस-पंचवीस वर्षांनी नव्यानं घालावंच लागतं. लाकडी घर वाचवलं असं भूतकाळात म्हणताच येत नाही. ते सतत वाचवत राहावं लागतं.

या लाकडाची आणखी एक गोष्ट आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी दिसली. पुढच्या चार-पाच दशकांत तिनं जवळपास चारशे कोटी झाडं मारली असा अंदाज आहे. ॲपलेशियाच्या काही भागांत रानातलं दर चौथं झाड चेस्टनटचं होतं. आज तसा वृक्ष रानात पाहायला मिळत नाही. दोन फूट रुंदीची अखंड चेस्टनटची भिंत पाहायची तर ती अशा घरांतच. बाजाराला हे चांगलंच ठाऊक आहे. पडकी घरं आणि गोठे मोडून ते लाकूड उंची फर्निचरला आणि फरशीला चढ्या भावानं जातं. पुण्यातले, नाशकातले वाडे पडताना त्यातल्या सागाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल.

*

घरं गोळा करून एका आवारात मांडायची कल्पना मूळ स्कँडिनेव्हियातली. नॉर्वे-स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर यानं १८८१ साली ओस्लोजवळ जुन्या लाकडी वास्तू आणवायला सुरुवात केली; त्यांत गोल गावचं मध्ययुगीन लाकडी चर्च होतं. आर्तुर हासेलियूस यांनी १८९१ साली स्टॉकहोमच्या टेकडीवर 'स्कान्सेन' उघडलं, आज तिथे दीडशेच्या आसपास वास्तू आहेत. आन्देर्स सांदविग तर दातांचे डॉक्टर. लिलेहामरला दवाखाना चालवता चालवता त्यांनी खोऱ्यातली शेतघरं जमवली, त्यातून 'मायहाउगेन' झालं. ओंडक्यांची घरं अमेरिकेत गेली तीही तिकडूनच. १६३८ साली डेलावेअर नदीकाठी वसाहत करणाऱ्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी ही बांधणी नेली, मागाहून जर्मनांनी. प्लिमथला उतरलेले इंग्रज असल्या घरांत राहतच नव्हते. त्यांची घरं चौकटीची आणि फळ्यांची. हॅरॉल्ड शर्टलेफ यांचं १९३९ सालचं 'द लॉग केबिन मिथ' हे पुस्तक याच गैरसमजावर आहे. गैरसमज पसरायला राजकारणाचा मोठा हातभार लागला. १८४०च्या निवडणुकीत व्हर्जिनियातल्या मळेवाल्या घराण्यात जन्मलेले विल्यम हेन्री हॅरिसन लॉग केबिनचं चिन्ह मिरवत राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हापासून झोपडीवजा घरात जन्मलेला नेता ही अमेरिकेची लाडकी प्रतिमा झाली.

या प्रतिमेला शोभणारा खरा माणूस म्हणजे अब्राहम लिंकन. आणि त्यांच्याच घराचं जे झालं ते दर संग्रहालयाच्या दारावर लिहून ठेवावं असं आहे.

लिंकन १८०९ साली केंटकीत हॉजनव्हिलजवळ जन्मले. ते घर कधीच नाहीसं झालं होतं. १८९४ साली आल्फ्रेड डेनेट या न्यूयॉर्कच्या उपाहारगृहवाल्यानं ती शेतजमीन घेतली. जवळच्या एका शेतावर जुनं घर होतं. त्यात लिंकनच्या घराचे ओंडके वापरले आहेत, अशी गावात वदंता होती. डेनेटच्या माणसानं ते घेतलं आणि जन्मजागी उभं केलं. पण तिथे पाहायला येतंय कोण? १८९७ साली ते उतरवून नॅशव्हिलच्या प्रदर्शनात नेलं. त्याच प्रदर्शनात दुसरं एक घर होतं: यादवी युद्धात लिंकनविरुद्ध उभे राहिलेले जेफरसन डेव्हिस यांचं जन्मघर म्हणून दाखवलेलं. डेव्हिसही केंटकीचेच. पुढे दोन्ही घरं बफेलोच्या प्रदर्शनात गेली. प्रदर्शनं संपल्यावर दोन्हींचे ओंडके एकत्रच न्यूयॉर्कजवळ एका तळघरात पडून राहिले. आकडे नाहीत, नकाशे नाहीत. लिंकनचा ओंडका कुठला आणि डेव्हिसचा कुठला, हे सांगणारं काही उरलं नाही.

१९०६ साली लोकवर्गणीतून स्थापन झालेल्या संस्थेनं ते ओंडके विकत घेतले आणि मोठ्या सन्मानानं, पहाऱ्यात, आगगाडीनं केंटकीला आणले. जॉन रसेल पोप या वास्तुकारानं ग्रीक मंदिरासारखी संगमरवर आणि ग्रॅनाइटची इमारत उभारली. वर जायला ५६ पायऱ्या, लिंकनच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी कोनशिला बसवली, १९११ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ती वास्तू राष्ट्राला अर्पण केली. आत घर उभं करताना ते जरा मोठं वाटलं, लोकांना फिरायला जागा पुरेना, म्हणून ओंडके कापून घर लहान केलं. २००४ साली लाकडातल्या वार्षिक वलयांची तपासणी झाली. घरातला सर्वांत जुना ओंडका निघाला १८४८चा. त्या वर्षी लिंकन एकोणचाळीस वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनला संसदेत बसत होते. आता उद्यानखातं त्या घराला प्रतीकात्मक घर म्हणतं, आणि हे मोकळेपणानं मान्य करण्याबद्दल त्या खात्याचं कौतुक करायला हवं. पण ज्या दिवशी पहिलं घर उतरवलं, त्या दिवशी कोणी दोन कागद लिहिले असते, तर एवढं संगमरवर कोणत्या लाकडाभोवती उभं करतोय हे तरी कळलं असतं.

*

घर हलवण्याला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेचं सातवं कलम स्पष्ट आहे: वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून तोडता येत नाही, वाचवण्यासाठी गरजेचंच असेल किंवा अत्यंत महत्त्वाचं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तरच ती हलवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदणीतही मूळ जागेवरून हलवलेली वास्तू सहसा घेत नाहीत. (आयर्विन यांच्या संग्रहालयातलं छोटंसं आर्नवाइन घर १९७६ साली त्या नोंदणीत गेलं, हा अपवाद.) घराला दिशा असते, उतार असतो, झरा किती पावलांवर आहे याचा हिशेब असतो. तीस घरं एका हिरवळीवर मांडली की जी माणसं एकमेकांपासून डोंगर ओलांडून राहत होती, ती शेजारी शेजारी राहत होती असं वाटू लागतं.

त्याहून गंभीर प्रश्न निवडीचा आहे. स्मोकी माउंटन्सचं उद्यान १९३४ साली झालं, तेही लोकांना उठवूनच. केड्स कोव्ह या खोऱ्यात उद्यानखात्यानं ओंडक्यांची घरं राखली आणि फळ्यांची, रंग दिलेली, नव्या धाटणीची घरं पाडली. खरं तर तिथले लोक कधीच नव्या घरांत राहायला गेले होते. पण पाहुण्यांना रानातला आद्य वसाहतकार हवा होता. आज केड्स कोव्ह पाहणाऱ्याला वाटतं की ही माणसं १९३०च्या दशकातही शंभर वर्षं मागे होती. घर खरं, पण त्यातून सांगितलेली गोष्ट खोटी. माझ्या मते हे ओंडके हरवण्यापेक्षा वाईट.

आणि 'आद्य' म्हणजे कोण? तो सगळा मुलूख चेरोकी लोकांचा. ते स्वतः एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओंडक्यांच्याच घरांत राहत होते, शेती करत होते. सिक्वोया यांनी त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली. १८२८ साली जॉर्जियातल्या न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीत त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं. दहा वर्षांनी, १८३८ साली, सैन्य लावून त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं. हजारो वाटेत मेले. न्यू इकोटाला आज जी वास्तू मान उंच करून उभी आहे ती व्हॅन यांची सराई. जेम्स व्हॅन या चेरोकी पुढाऱ्यानं १८०५च्या सुमारास बांधलेली. ती मूळची तिथली नाही. १९५०च्या दशकात बफर्ड धरणाच्या पाण्याखाली जाणार होती, तेव्हा तिचे ओंडके उतरवून ती इथे आणली. ज्यांचा सगळा मुलूख हिरावला, त्यांची एक वास्तू उरली ती हलवल्यामुळे. व्हेनिस सनदेचं कलम मला पटतं, तरी ही सराई आठवली की ते हट्टानं मांडायला मन घेत नाही.

*

आपल्याकडे देवांची घरं हलवली गेली आहेत. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्या गावच्या. तिथलं चिऱ्याचं प्राचीन महादेव मंदिर दगड न् दगड मोजून उतरवलं आणि सतरा किलोमीटरवर धरणाजवळ पुन्हा बांधलं. अतिशय चोख काम. पण कुर्डीची राहती घरं पाण्यातच राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती दिसतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. उजनीत पळसदेव मंदिराचं शिखर वर आलं की छायाचित्रकार धावतात. कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांतलं एखादं राहतं घर कुठे पाहायला जायचं?

एकटी माणसं काय करू शकतात याचे दाखले आपल्याजवळ आहेत. अज्ञातवासी या नावानं कविता लिहिणारे काका केळकर पुण्यात वस्तू जमवत फिरले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनीच आणून त्या संग्रहालयात पुन्हा मांडले. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ साली सुरू झालेल्या 'दक्षिणचित्र'मध्ये तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्रातली पाडायला निघालेली घरं सुटी करून आणून पारंपरिक सुतारांच्या हातून उभारली आहेत. मणिपालला बँकेत नोकरी करणाऱ्या विजयनाथ शेणॉय यांनी तेच केलं. कणेरी मठावरचं पुतळ्यांचं गाव लोक आवडीनं पाहतात, पण ते नव्यानं घडवलेलं. कोकणातलं नळ्यांचं चौसोपी घर, डहाणूकडचं कारवीच्या कुडाचं घर, खानदेशातलं धाब्याचं घर, देशावरचा कडीपाटाचा छोटा वाडा अशी खरी, माणसं नांदलेली घरं एका मोठ्या माळावर राखण्याचं काम महाराष्ट्र शासनानं हाती घ्यायला हवं. वाड्याची बांधणी याला सोयीचीच आहे. खांब, हस्त, तुळई, सांधे कुसवांचे. नीट उतरवला तर नीट उभा राहतो.

शासन करील तेव्हा करील. तुमचं गावचं घर पुढच्या वर्षी पुनर्विकासाला जाणार असेल किंवा भावकीत विकायचं ठरलं असेल, तर या दिवाळीत गावी गेल्यावर दोन दिवस त्यासाठी काढा. अमेरिकेत १९३३ साली बेकार वास्तुकारांना हाताशी धरून सरकारनं देशभरातल्या जुन्या इमारती मोजून घेतल्या होत्या. तुम्हाला एक मोजपट्टी, एक वही आणि मोबाइल पुरेल. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, माळा यांची लांबी-रुंदी-उंची लिहा. प्रत्येक भिंतीचं समोरून छायाचित्र घ्या. तुळया, खांब, दारं यांना आकडे द्या आणि नकाशावर तेच आकडे टाका. लाकूड कोणतं, कुठून आणलं, सुतार कोणत्या गावचा, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. बाळंतिणीची खोली कोणती होती, धान्य कुठे भरत, पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात गळायचं, तेही. या वहीच्या तीन प्रती करा: एक घरात, एक गावच्या वाचनालयात, एक जवळच्या वास्तुकला महाविद्यालयात. आणि घर घेणाऱ्याला विक्रीच्या कागदावरच अट घाला: उतरवण्याआधी आठ दिवस कळवायचं.